नाशिकमध्ये दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कशी शोधायची? दादाला ओळखीचं कुणी भेटेल याची भीती वाटते

ताई, तुम्ही लिहिलंय की दादा अंबडला कंपनीत आहे, रोज पितो, आता स्वतःच सोडायची म्हणतोय, पण मीटिंगला सिडकोतलं कुणी दिसलं तर काय, म्हणून अडलाय. मी दारू सोडलेला माणूस आहे आणि नाशिकमध्येच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या, मीटिंगला जातो.

मीटिंगच्या आधी एक काम करा. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास आणि असंबद्ध बडबड. कधी कधी जिवावर बेततं. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, आणि किती पितो, शेवटची कधी घेतली, हे खरं सांगा. फिट आली किंवा भास व्हायला लागले तर थेट इमर्जन्सी गाठा. आधी नुसतं विचारायचं असेल तर 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे.

आता मीटिंग. इथे मी मुद्दाम पत्ता देत नाही. ए.ए.ची स्वतःची इमारत नसते. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, मिळेल ती खोली घेऊन गट बसतो आणि जागा, वार बदलतात. जुन्या पत्त्यावर जाऊन कुलूप दिसलं तर नवा माणूस पुन्हा येत नाही. त्यापेक्षा भारतातल्या ए.ए.च्या मुंबईच्या मुख्य कार्यालयाची वेबसाइट पाहा, तिथल्या हेल्पलाइनवर फोन करा आणि नाशिकच्या सदस्याशी बोलायचंय असं सांगा. नंबर तुम्ही शोधा, पण बोलू दे दादालाच. पलीकडे बहुधा आमच्यापैकीच कुणीतरी असतो, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. कुठल्या वारी, किती वाजता, मराठीत चालते का, हे विचारून घ्या. शिफ्ट फिरती असेल तर तेही सांगा, म्हणजे जमेल तो वार कळेल. दादाला पहिल्या दिवशी कुणी दारापाशी भेटेल का, हेही विचारा. एकट्याने आत शिरणं फार जड जातं.

ओळखीच्या भीतीबद्दल. आपल्याच भागातल्या गटात जायचं असं काही बंधन नाही. सिडकोतल्या माणसाने खुशाल नाशिकरोडला किंवा पंचवटीला जावं. तिथे रजिस्टर नसतं, आडनाव विचारत नाहीत, आधार कार्ड मागत नाहीत. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. इथे कोण दिसलं आणि काय ऐकलं ते इथेच ठेवायचं, असं दर मीटिंगला सांगतात आणि माणसं ते पाळतात. आणि समजा ओळखीचा निघालाच, तर तोही त्याच खुर्चीवर बसायला आलेला असतो. दादाला हे नक्की सांगा.

आत काय होतं? तास-दीड तास माणसं आपापली गोष्ट सांगतात. कुणी भाषण देत नाही, कुणी कुणाला रागवत नाही. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकायचं. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलले आणि त्यातून हे सुरू झालं. ज्याने स्वतः प्यायलंय त्याचं बोलणं पिणारा ऐकतो, हेच आजही चालतं. फी नाही; शेवटी पिशवी फिरते, नव्या माणसाने टाकलंच पाहिजे असं नाही. ‘देव’ शब्द कानावर पडेल, पण ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यायचा; न मानणारेही येतात. एकाच मीटिंगवरून मत बनवू नका. एक गट नाही रुचला तर दुसऱ्यात जायचं.

माझ्या मते दादासारख्याला सगळ्यात मोठा आधार वेळेचा आहे. कंपनी सुटल्यापासून घरी पोहोचेपर्यंतची संध्याकाळ हीच पिण्याची वेळ. मीटिंगही बहुतेक त्याच सुमाराला असते. त्या वेळी तो माणसांत बसलेला असला की तेवढा दिवस निघतो, आणि आम्ही एका वेळी एकाच दिवसाचा विचार करतो.

‘जेवणातून गुपचूप द्या’ अशा पावडरींच्या जाहिराती दिसतील, हात लावू नका. आत काय आहे ते कळत नाही, आणि त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर वर दारू पडल्यावर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. कुठल्या खासगी केंद्रात ठेवायची वेळ आली तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, ते आधी विचारा. रात्री गाडी पाठवून उचलून नेतो म्हणणाऱ्यांना घरात घेऊ नका.

आणि ताई, तुमच्या प्रश्नात तुमच्या स्वतःच्या झोपेबद्दल, तुमच्या मुलांबद्दल एक ओळ नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळी मीटिंग असते. तिची चौकशी ए.ए.च्या हेल्पलाइनवरही करून बघा. आपल्या भागात नसेल तर ऑनलाइनही भरते. दादा तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही, तुम्ही याच आठवड्यात जाऊ शकता.