बारा वर्षांचं पोरगं बाकावरच बसून: सरांशी बोलावं की क्लब बदलावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा बारा वर्षांचा, जन्म नोव्हेंबरचा. हिंगणघाटच्या फुटबॉल क्लबात आठवड्यातून तीन दिवस सरावाला जातो, पण स्पर्धेत शेवटची पाच मिनिटं मिळाली तर मिळाली. ग्रुपवर पालकांचे दोन तट पडलेत. एक म्हणतो, फी सगळ्यांची सारखी तर खेळवा सारखं. दुसरा म्हणतो, जिंकायला जातो की हजेरी लावायला? आणि तुम्ही विचारता, नागपूरच्या क्लबात टाकू का.

भाऊ, आधी मिनिटं मोजा. या भांडणात दोन्ही बाजू अंदाजानेच बोलतात. आपलं पोट्टं बाहेर असलं की दहा मिनिटं संपता संपत नाहीत. सर बदल्या आणि पंचांच्या गडबडीत असतात, त्यामुळे कोण किती खेळलं हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. एका पालकाने वही धरावी: पोरगा आत गेला ती वेळ, बाहेर आला ती वेळ, कोणत्या जागेवर खेळला. मैत्रीचे सामनेही त्यात धरा. आठ-दहा सामन्यांची बेरीज हातात आल्याशिवाय ग्रुपवर एक अक्षर लिहू नका.

सारखं खेळवणं म्हणजे किती, तेही पाहू. सात-सात जणांचा 40 मिनिटांचा सामना, संघात 12 पोरं. गोलकीपर पूर्ण वेळ ठेवला तर उरलेल्या सहा जागांची 240 मिनिटं अकरा जणांत वाटायची, म्हणजे प्रत्येकी जवळपास 22. हे मैदानावर बसवायला 10-10 मिनिटांचे चार भाग करा. सहा जागा गुणिले चार, अशा 24 पाळ्या झाल्या. अकरा जणांना दोन-दोन दिल्या की 22 संपतात. उरलेल्या दोन या सामन्यात दोघांना, पुढच्या सामन्यात दुसऱ्या दोघांना. हा कागद सामन्याच्या आदल्या दिवशीच तयार असावा, म्हणजे ऐन वेळी कुणाच्या बापाचं तोंड पाहून निर्णय होत नाही. यात एक चूक हमखास होते: सगळी कच्ची पोरं एकाच भागात घातली जातात, त्या दहा मिनिटांत तीन गोल बसतात आणि सर कागद खिशात घालून मोकळे होतात. प्रत्येक भागात किमान तीन पक्की पोरं हवीतच.

अकरा-अकरांचा 50 मिनिटांचा सामना असेल तर एकूण मिनिटं 550. संघात 16 पोरं असतील तर वाट्याला 34, आणि 22 असतील तर 25. म्हणून कुणाला खेळवता याच्याही आधी एका संघात किती पोरं भरली, हे विचारा. फीसाठी 22 जणांचा एकच संघ करणाऱ्या क्लबात कितीही भला प्रशिक्षक आणा, मिनिटं पुरत नाहीत.

बाहेर काढलेल्या खेळाडूला परत आत घेता येतं का? खेळाच्या नियमावलीतल्या तिसऱ्या नियमानुसार मुलांच्या आणि तळागाळातल्या सामन्यांत तशी मुभा देता येते, पण ती राष्ट्रीय संघटनेच्या संमतीने आणि त्या-त्या स्पर्धेच्या नियमाप्रमाणे. मैत्रीच्या सामन्यात ठरवून घ्या. स्पर्धेत आयोजकांना आधी विचारा, नाहीतर चार भागांचं गणित पहिल्या वीस मिनिटांतच कोलमडतं.

आता खरं दुखणं. आपल्याकडे बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. शालेय स्पर्धेत 14 वर्षांखालचा संघ तालुक्यावरून जिल्हा, विभाग, राज्य असा चढतो आणि हरला की घरी येतो. सोळा संघांच्या अशा स्पर्धेत सामने होतात 15, आणि आठ संघ एकच सामना खेळून परत फिरतात. गावोगावच्या चषकाच्या स्पर्धांत वरून रोख बक्षीस. अशा एकुलत्या एक सामन्यात सरांनी भारी अकरा उतरवले तर मी त्यांना फारसा दोष देणार नाही. दहावीचे वाढीव क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण पालकांच्या डोक्यात असतं, पण बारा वर्षांच्या लेकरासाठी या दोन्ही गोष्टी फार लांब आहेत.

म्हणून स्पर्धेतल्या पाच मिनिटांवरून भांडण्यापेक्षा बिनबादचे, म्हणजे हरलं तरी संघ बाहेर पडत नाही असे, सामने वाढवा. दिवाळीनंतर ते मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ यासाठी उत्तम. त्याआधी काळ्या मातीच्या मैदानात चिखल असतो, त्यानंतर ऊन. रविवारी आजूबाजूचे तीन संघ बोलवा. चार संघ, प्रत्येकाशी प्रत्येक, 20 मिनिटांचे सहा सामने. इंग्लंडची फुटबॉल संघटना सात-सातच्या खेळाला 55 बाय 37 मीटरचं मैदान सुचवते. मोठ्या मैदानावर अशी दोन आडवी सहज बसतात. फक्की मारा आणि बांबूचे गोल उभारा, 3.66 मीटर रुंद, 1.83 मीटर उंच. दोन मैदानांवर एकाच वेळी खेळवलं तर दीड तासात सगळं आटोपतं आणि 12 जणांच्या संघात प्रत्येकाला 35 मिनिटं मिळतात. त्यासाठी बक्षीस, टेबल-खुर्च्या, नारळ फोडायला पाहुणे, काहीच लागत नाही.

चिखलाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ओल्या काळ्या मातीत जमिनीवरचा पास अर्ध्यात अडकतो. मग उंच, ताकदीचं पोरगं पुढे उभं करून मागून लांब टोला मारायचा, हीच चाल चालते. लहान चणीचं, पायात कला असलेलं पोरगं पावसाळ्यातल्या स्पर्धेत निरुपयोगी दिसतं आणि त्याच्यावर तसा शिक्का बसतो. तुमच्या मुलाचं तसं होतंय का, ते कोरड्या मैदानावर पाहून ठरवा.

त्यात जन्ममहिना. वयोगटाची रेषा 1 जानेवारीची. त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेलं पोरगं तुमच्या मुलापेक्षा दहा महिन्यांनी मोठं, आणि 14 खालच्या संघात तर तेरा वर्षांचे सोबत उभे. कुणाला मिसरूड फुटलेली, कुणाचा आवाजही बदललेला नाही. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं संघात जास्त निवडली जातात, हे जगभर नोंदवलं गेलंय. (आपल्या पिढीत मास्तर सरसकट 1 जून लिहून मोकळे व्हायचे, तेव्हा हा हिशेबच नव्हता.) हा फरक वय वाढेल तसा बराच मिटतो, पण तोवर पोरगं मैदानावर टिकायला हवं. उंची झपाट्याने वाढायच्या दिवसांत पाय जड पडतात, ताळमेळ बिघडतो. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखत असेल तर 'खेळून मोकळं होईल' म्हणू नका. पळणं कमी करा, डॉक्टरला दाखवा.

मुलगा घडतोय की नाही हे सामन्यापेक्षा सरावात कळतं. आठवड्याला दीड-दीड तासाचे तीन सराव म्हणजे 270 मिनिटं. एके दिवशी कडेला बसून फक्त दहा मिनिटं मोजा, त्याच्या पायाला चेंडू किती वेळा लागला. वीस पोरं एका रांगेत, एक चेंडू, प्रत्येकाचे 15 सेकंद, असा सराव असेल तर पाच मिनिटांतून एकदा पाळी येते. दहा मिनिटांत दोन. तेवढ्याच वेळात चार-चार जणांच्या छोट्या खेळात चेंडू कितीतरी जास्त वेळा पायाशी येतो. रांगेचा सराव असेल तर तुमची तक्रार सामन्याबद्दल नको, याबद्दल हवी. चेंडूही पाहा. बारापर्यंत साधारण 4 नंबरचा, 350 ते 390 ग्रॅमचा. 5 नंबरचा 410 ते 450 ग्रॅमचा असतो.

माझं मत: बारापर्यंत सगळ्यांना जवळपास सारखी मिनिटं, तेरा-चौदाला बिनबादच्या सामन्यात किमान अर्धा वेळ, पंधरापासून लायकीवर. तुमचा मुलगा नेमका उंबरठ्यावर आहे, म्हणूनच दोन्ही तटांना आपलंच खरं वाटतं.

सरांशी बोलायचं तर सामन्याच्या दिवशी नको. दोन दिवसांनी, सरावाच्या अर्धा तास आधी, मुलाला सोबत घेऊन जा. दुसऱ्याच्या पोराचं नाव काढू नका. तेवढ्यावर बोलणं बिघडतं आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं. "सर, याला का नाही खेळवत" याऐवजी विचारा: "सर, येत्या दोन महिन्यांत याने कोणत्या दोन गोष्टी सुधारायच्या? त्या सुधारल्या हे कसं कळेल? आणि तोवर याला कुठल्या सामन्यांत खेळवाल?" डाव्या पायाने पास, चेंडू येण्याआधी मान वळवून पाहणं, असं नेमकं उत्तर आलं तर सर पोराकडे पाहतात. "मेहनत घे" एवढंच आलं तर पाहत नाहीत.

नागपूर. हिंगणघाटहून पाऊणशे किलोमीटर; एसटीने जाऊन-येऊन चार तास धरा, दीड तासाच्या सरावासाठी. आईला निम्मं तिकीट आहे, मुलाचंही बारापर्यंतच, पण शाळा आणि झोप यांना सवलत नाही. नागपूर-कामठीकडे फुटबॉल मुरलेला आहे, त्यामुळे तिथल्या संघात स्पर्धाही जास्त आणि बाक इथल्यापेक्षा लांब असू शकतो. या वयात मी पाठवणार नाही. पंधराव्या वर्षी राहायची सोय आणि शाळा दोन्ही जमत असेल तर वेगळी गोष्ट.

जवळच दुसरा क्लब असेल आणि वहीतल्या आठ-दहा सामन्यांत पाव वाटाही मिळाला नसेल, सरांचं उत्तर मोघम असेल, किंवा सरावाच्या दिवशी पोराचं पोट दुखायला लागलं असेल, तर बदला. शालेय स्पर्धा संपल्यावर बदला, मध्येच नको. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत नाव चढलं असेल तर जुन्या क्लबाकडून रीतसर बदल करून घ्या. आणि नव्या ठिकाणी पैसे भरण्याआधी त्यांचा एक सामना पाहा, पण नजर गोल करणाऱ्यावर नको. बाकावरचं शेवटचं पोरगं किती मिनिटं आत गेलं, आणि चूक केल्यावर त्याला लगेच बाहेर ओढलं की खेळू दिलं, तेवढं लिहून आणा.