सोपाऱ्याचे बंदर आणि नाशिकचे लेणे

प्रश्न : पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात ‘शोर्पारग’ असा उल्लेख असून ते आजचे नालासोपारा होय, असे तेथील मार्गदर्शकाने सांगितले. माझा मुलगा नालासोपाऱ्यालाच राहतो. लोकलची गर्दी आणि इमारतींची दाटी यांपलीकडे मला तेथे काही दिसलेले नाही. तेथे खरेच बंदर होते का? आणि घाटावरच्या आपल्या नाशकात त्याचे नाव का यावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बंदर होते, आणि नावाजलेले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात कोकणकिनाऱ्यावरील बाजारपेठांमध्ये सोपाऱ्याचे नाव येते. त्याआधी अशोकाने आपले शिलालेख तेथे कोरवले होते. त्यांपैकी आठव्या लेखाचा तुकडा पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मिळाला.

आता नाशिकचा संबंध. बंदरात उतरलेला माल थळ घाट चढून गोवर्धनात, म्हणजे आजच्या गंगापूरजवळच्या गोवर्धन गावाच्या परिसरात येई आणि पुढे देशावर जाई. नहपान या क्षत्रपाचा, म्हणजे शक राज्यकर्त्याचा, जावई उषवदात याच वाटेवरचा दाता होता. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी आपण चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी व तळी खोदली, असे तो या लेण्यात सांगतो. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने नावांची फुकट सोय ठेवली होती. लेखातला मूळ शब्द ‘पुण्यतर’ आहे, आणि होडीने नदी पार करण्याच्या सोयीला आपण आजही ‘तर’ म्हणतो! शिवाय नानंगोल गावातील नारळाची ३२,००० झाडे त्याने चरक नावाच्या धार्मिक पंथाच्या परिषदांना दिली. त्या परिषदांत गोवर्धनची एक आहे आणि शोर्पारगातील रामतीर्थाचीही एक आहे. नारळ किनाऱ्यावरचे, लाभ घेणारे किनाऱ्यावरचे आणि घाटावरचे, नोंद मात्र नाशकात.

माझ्या मते याहून मोलाचा लेख त्याच लेण्यातील, त्या काळच्या कालगणनेतील वर्ष ४२ चा आहे, कारण त्यात व्यापारी समाजाचा रोजचा व्यवहार दिसतो. उषवदाताने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे, अशी अट होती. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते आणि त्यातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणांचे चीवर (वस्त्र) द्यायचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. हा ठराव निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला. विणकरांवर राजाच्या जावयाने एवढा विश्वास टाकावा, यावरून त्यांची पत किती होती याची कल्पना येते.

सोपाऱ्याची खाडी पुढे गाळाने भरत गेली आणि व्यापार इतर बंदरांकडे सरकला. तरी पुढच्या वेळी मुलाकडे गेलात, तर स्टेशनाच्या पश्चिमेला बुरुड राजाचा कोट विचारत जा. भगवानलालांनी १८८२ मध्येच उकरलेला स्तूप तेथे आहे. त्यातून निघालेल्या दगडी पेटीत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते.