गेम चालू असताना पीसी का बंद पडतो? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझा पीसी रायझन ५ ५६०० प्रोसेसरचा आहे, ग्राफिक्स कार्ड आधी जीटीएक्स १६५० होतं, दिवाळीनंतर सेकंडहँड आरटीएक्स ३०७० घेतलं. तेव्हापासून मोठा गेम लावला की थोड्या वेळात स्क्रीन काळी आणि डायरेक्ट रीस्टार्ट, ब्लू स्क्रीन वगैरे काही येत नाही, व्हॅलोरंटसारखा हलका गेम मात्र तासन्‌तास चालतं. कधी कधी बंद व्हायच्या आधी यूपीएस टूं करून वाजतो. दुकानवाल्याने विंडोज परत मारून दिली, पैसे घेतले, आता म्हणतो कार्डच गेलंय, विकून टाक. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ दिसतंय. एसएमपीएस (पीसीतला पॉवर सप्लाय) जुनाच ५०० वॅटचा, यूपीएस ६०० व्हीए. घरी परत पैसे मागायची हिंमत होत नाहीये.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : कार्ड विकू नकोस, निदान आत्ता तरी नको. विंडोज मारून हे जाणारच नव्हतं, कारण तू जे लिहिलंयस ते सगळं वीज कमी पडण्याकडे बोट दाखवतंय. कर्नल-पॉवर ४१ बघून लोक घाबरतात पण ती नोंद एवढंच सांगते की पीसी नीट शटडाऊन न होता बंद झाला, का झाला ते ती सांगत नाही. त्या नोंदीच्या डिटेल्समध्ये जाऊन बगचेककोड (ब्लू स्क्रीनच्या एररचा नंबर) बघ. तिथे ० असेल तर विंडोजला ब्लू स्क्रीन नोंदवायलासुद्धा वेळ मिळालेला नाही, म्हणजे बहुतेक करंटच तुटला.

आता हिशोब कर. तुझं १६५० जास्तीत जास्त ७५ वॅट घ्यायचं. ३०७० चं रेटिंगच २२० वॅट आहे, आणि क्षणभरासाठी ते त्याच्याही बरंच वर जातं. ५६०० प्रोसेसर फुल लोडवर साधारण ७६ वॅटपर्यंत जातो, वर बोर्ड, पंखे, एसएसडी, आणि मॉनिटरही त्याच यूपीएसवर असेल तर तोही धर. आणि ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत! आपल्याकडे मिळणारे बहुतेक ६०० व्हीएचे यूपीएस ३६० वॅटचेच असतात, मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाकून वाच एकदा. व्हॅलोरंटला कार्डवर तेवढा लोड येत नाही म्हणून ते चालतं, मोठ्या गेमला सगळं एकदम ताणलं जातं आणि यूपीएस हात टेकतो. ते टूं मला तरी ओव्हरलोडचंच वाटतंय.

म्हणून एक रुपया खर्च न करता आधी यूपीएस बाजूला ठेव, पीसी थेट भिंतीतल्या चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटला लाव आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळ, लाइट जायची भीती असेल तर मध्ये मध्ये सेव्ह करत राहा. बंद पडला नाही तर दोष यूपीएसचा. तरीही पडला तर आफ्टरबर्नर (कार्डच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) टाकून कार्डचं पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आण आणि परत खेळ, आता चालला तर संशय एसएमपीएसवर. एन्व्हिडिया स्वतः ३०७० साठी ६५० वॅट सांगते आणि तुझा जुना ५०० चा आहे. केबलही बघ, कार्डला ८ पिनची दोन सॉकेट असतील आणि एकाच केबलची दोन टोकं दोन्हीकडे खोचली असतील तर ते बदल, एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आण. नवा घेण्याआधी मित्राचा एसएमपीएस एका संध्याकाळपुरता मागून लावून बघ. फक्त स्वतःचा एसएमपीएस उघडून साफ करायला जाऊ नकोस, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि जोरदार झटका बसतो. हे सगळं करूनही रीस्टार्ट झालाच तर मग कार्डावर संशय घेऊ. आणि घरी बोलायला जाशील तेव्हा कोणती टेस्ट केली, काय झालं ते लिहून ने, मग पैसे मागणं तेवढं जड जाणार नाही.

प्रश्न : मॅडम, मुलाच्या पीसीत आणखी ८ जीबी रॅम टाकली, तेव्हापासून ब्लू स्क्रीन येतो, दर वेळी वेगळाच मेसेज, कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी दुसरंच काही, कधी गेम आपोआप बंद होऊन डेस्कटॉप येतो. दुकानदार म्हणतो व्हायरस आहे.
– एक पालक, सांगली

उत्तर : व्हायरस असं करत नाही सहसा. मेसेज दर वेळी बदलतोय आणि सुरुवात नवी रॅम टाकल्यावर झाली, तेव्हा आधी रॅमच तपासा. आणि त्याच्याही आधी घरचे फोटो, मुलाचे प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, कारण खराब रॅम सेव्ह होणाऱ्या फायलीही गुपचूप बिघडवते.

मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडने चालवायची सेटिंग, बंद करा. डीडीआर४ प्रकारच्या रॅमचा ठरलेला स्टँडर्ड स्पीड ३२०० पर्यंत आहे, पाकिटावर ३६०० लिहिलं असेल तर ते ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त ताणलेलं असतं, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक त्या स्पीडला जुळतीलच असं नाही. बंद केल्यावर शांत झालं तर तसंच चालू द्या, गेममध्ये थोडा फरक पडेल, मुलाला तसं समजावून सांगा. नाही झालं तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर दुसऱ्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एक एरर आली तरी ती रॅम बदलून घ्यायची, ‘एकच तर आहे’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. कोणती स्टिक खराब ते कळायला एक एक वेगळी लावून चालवा.

प्रश्न : इंटेलचा १३ व्या जनरेशनचा आय९ प्रोसेसर आहे, ग्राफिक्स कार्ड १२ जीबीचं, तरी काही गेम सुरू होतानाच ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ येऊन बंद पडतात. कार्ड बदलू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नका बदलू. मेसेज व्हिडिओ मेमरीचा असला तरी तुमच्या प्रोसेसरच्या बाबतीत गडबड बऱ्याचदा प्रोसेसरचीच निघते. १३ व्या आणि १४ व्या जनरेशनच्या बऱ्याच डेस्कटॉप चिपमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन त्या हळूहळू खराब होतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, आणि ऑगस्टमध्ये ०एक्स१२९, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी असे मायक्रोकोड (बायोसबरोबर येणारे प्रोसेसरचे अपडेट) काढले. तुमच्या मदरबोर्डच्या साइटवरून नवा बायोस टाका, लाइट जाण्याची शक्यता नसेल अशा वेळी. पण त्याने पुढचं नुकसान थांबतं, आधीच खराब झालेली चिप दुरुस्त होत नाही. नव्या बायोसनंतरही तोच मेसेज आला तर सरळ वॉरंटीत द्या. बॉक्समध्ये आलेल्या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने २ वर्षांनी वाढवून ५ वर्षं केलीय, तेव्हा बिल शोधा आणि बॉक्सवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. असेंबल करून घेतला असेल आणि बॉक्स दिलाच नसेल तर ज्याच्याकडून घेतला त्याला आधी विचारा की चिप ट्रेमधली (बॉक्सशिवाय सुटी विकलेली) होती का, कारण तसं असेल तर क्लेम त्याच्यामार्फतच करावा लागेल.