डाळिंब खाल्ल्याने शरीरातली सूज खरंच कमी होते का?

थोडाफार फरक पडू शकतो, पण गोळी घेतल्यासारखा नाही. डाळिंबात प्युनिकॅलाजिन नावाचं पॉलिफेनॉल (वनस्पतींमध्ये आढळणारं एक प्रकारचं संयुग) असतं, ते जसंच्या तसं रक्तात जवळपास जातच नाही, पोटात-आतड्यात त्याचं इलॅजिक ॲसिड होतं आणि मग मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया त्यापासून युरोलिथिन बनवतात, ते मात्र बऱ्यापैकी शोषलं जातं. लॅबमध्ये पेशींवर बघितलं तर त्यातलाच एक प्रकार, युरोलिथिन ए, पेशीतला एनएफ-कप्पा-बी नावाचा सूज वाढवणारा स्विच चालू होण्यापासून रोखतो. आता मुख्य मुद्दा म्हणजे युरोलिथिन ए बनवणारे बॅक्टेरिया सगळ्यांच्या आतड्यात नसतात, त्यामुळे एकाच घरातल्या दोघांनी सोलापूरचं एकच डाळिंब अर्धं अर्धं खाल्लं तरी एकाच्या शरीरात युरोलिथिन ए बनेल आणि दुसऱ्याच्या बनणारच नाही, असं होऊ शकतं. माणसांवरच्या ट्रायल्समध्ये सीआरपी (शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन) कधी थोडं उतरलेलं दिसतं, कधी काहीच नाही, आणि त्या बहुतेक छोट्याच आहेत.

प्युनिकॅलाजिन सगळ्यात जास्त सालीत आणि त्या कडवट पांढऱ्या पापुद्र्यात असतं, दाण्यात कमी. दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, ते वेगळं. तरी मी म्हणेन दाणेच चावून खा, गाळलेल्या ज्यूसमध्ये फायबर जातं आणि साखर राहते, डायबिटीस असेल तर विशेष जपा. आणि प्लीज, आमवाताची औषधं फळाच्या भरवशावर बंद करू नका, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रोज ज्यूस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.