ऑनलाइन ज्ञानकोशात आमच्या जातीबद्दल खोटं लिहिलंय, खोडलं की परत येतं. काय करावं?

तुम्ही प्रश्नात जात सांगितलेली नाही. मी माझी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी टकारी. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे इंग्रजांनी कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या आणि नंतर त्यातून सुटलेल्या जातींच्या, यादीत आम्ही 'भामटा' या नावाखाली येतो, आणि त्याच रांगेत उचल्या आणि घंटीचोर हे शब्दही आहेत. सरकारनं छापलेले. त्यामुळं "ज्ञानकोशातलं एक वाक्य, त्यात एवढं काय" असं मला कुणी सांगू नये.

तुम्ही लिहिलंय की वाक्य खोडलं, तासाभरात परत आलं, असं चारदा झालं आणि वर ताकीद तुम्हालाच मिळाली. हे सगळं माझं २०१९च्या उन्हाळ्यात झालंय.

उमरग्यात माझं सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, जात पडताळणीचे अर्ज, दिवसभर हेच. लेक तेव्हा सहावीत होती. सुट्टीत केंद्रात येऊन बसायची. एक दिवस तिनं कॉम्प्युटरवर आपल्या जातीचं नाव टाकून शोधलं. पहिलंच पान त्या ज्ञानकोशाचं, सगळं मिळून सहा ओळी. तिसऱ्या ओळीत लिहिलेलं की चोरी हा या लोकांचा परंपरागत धंदा आहे. 'होता' नाही, 'आहे'. लेकीनं ते मोठ्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि गप झाली. केंद्रात चार गिऱ्हाईकं बसलेली होती.

मी तिथंच खातं उघडून ती ओळ उडवली. चाळीस मिनिटांत परत आली. पुन्हा उडवली, पुन्हा आली. चौथ्यांदा उडवल्यावर माझं खातं एका दिवसासाठी बंद केलं. कारण: संपादन युद्ध.

दुसऱ्या दिवशी मी खोडाखोड केली नाही, मला ठाऊक होतं ते लिहिलं. माझी आजी जात्यांना टाकी लावायची. जातं रोज फिरलं की दगडाच्या दोन्ही तळ्या गुळगुळीत होतात, मग दाणा दळत नाही, नुसता घरंगळतो. वरची तळी खुंट्यातून काढायची, दोन्ही तळ्या उन्हात उताण्या ठेवायच्या आणि छिन्नीनं, म्हणजे टाकीनं, दगडाला बारीक बारीक टोचे मारून पुन्हा खरखरीत करायचं. टाकीवाले म्हणून टकारी, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आजी झोळीत टाकी-हातोडी टाकून मुरूम, दाळिंब, येणेगूरपर्यंत पायी जायची. एका जात्याला सूपभर ज्वारी मिळायची, कुणी वर भाकरी-कोरड्यास द्यायचं. उडालेल्या कपच्या कातडीत रुतून तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर काळे ठिपके राहिले होते. लहानपणी मी ते मोजायचो. विजेची गिरणी गावोगाव आली आणि जातं अडगळीत गेलं, तसा हा धंदा संपला. चोर म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांच्या हातचं पीठ अख्ख्या तालुक्यानं खाल्लंय, हे मला त्या पानावर हवं होतं.

तेही उडालं. शेरा होता, 'मूळ संशोधन'. म्हणजे तुमच्या आजीचं तुम्ही सांगता, छापील कुठं आहे?

प्रत्येक लेखाला संपादकांनी वाद मिटवायचं एक चर्चा पान असतं, मी तिथं गेलो आणि रागात पानभर लिहिलं. त्यावर माझा मजकूर काढणाऱ्या संपादकाचं उत्तर आलं: आपण स्वतः या जातीचे आहात का, असाल तर हितसंबंधांचा मुद्दा येतो.

या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. मी टकारी म्हणून माझं मत पक्षपाती, आणि ज्याची जात कुणी विचारतच नाही तो आपोआप तटस्थ? ज्या घरातल्या माणसाला कधी पोलीस पाटलापुढं हजेरी द्यावी लागली नाही त्याला तटस्थ राहायला काही पडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की जातीच्या लेखावर बोलणाऱ्याला त्याची जात विचारायची असेल तर सगळ्यांना विचारा, नाहीतर कुणालाच विचारू नका आणि फक्त कागदावर बोला.

शेवटी मी कागदावरच आलो. प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो, तो उघडून तारखेनुसार मागं मागं जायचं. चोरीची ओळ पहिल्यांदा कुणी घातली ते मला दोन रात्रींत सापडलं. एक निनावी अंकपत्ता (आयपी ॲड्रेस), संदर्भ काही नाही. तीनेक वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी त्याच ओळीला संदर्भाचं शेपूट जोडलं, ते एका ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याच्या पुस्तकाचं. आधी वाक्य, मग पुरावा. आणि ही पुस्तकं कशी तयार झाली तेही बघा. एका साहेबानं ठाणेदारांना विचारून लिहिलं, दुसऱ्यानं पहिल्याचं उतरवलं, जुन्या मराठी कोशांनी इंग्रजीवरून घेतलं, आता लोक त्या कोशांवरून उतरवतात. दिसायला चार संदर्भ, मुळात एकच माणूस. या ज्ञानकोशाच्या इंग्रजी आवृत्तीवर ब्रिटिश काळातल्या अधिकाऱ्यांची ही पुस्तकं जातींच्या लेखांत विश्वसनीय धरत नाहीत, आणि दक्षिण आशियातल्या जातींच्या लेखांवर २०१२पासून वेगळे कडक निर्बंध आहेत. मराठी आवृत्तीवर संपादक थोडे, तिथं असलं काही वर्षानुवर्षं पडून राहतं.

मी चर्चा पानावर एवढंच मांडलं: ही ओळ अमुक तारखेला संदर्भाशिवाय आली, नंतर जोडलेला संदर्भ पोलिसाचा आहे, आणि पोलिसानं १०० वर्षांपूर्वी केलेलं विधान आजच्या माणसांबद्दल वर्तमानकाळात लिहिता येत नाही. लातूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात विमुक्तांवरचं समाजशास्त्राचं एक पुस्तक मिळालं, त्यात टाकीच्या धंद्याचा उल्लेख होता. पान क्रमांकासकट दिला. पाच दिवस कुणी बोललं नाही. सहाव्या दिवशी ओळ बदलली. आता तिथं आहे की ब्रिटिश सरकारनं गुन्हेगार जमाती कायद्याखाली या जातीची नोंद केली होती. कुणी केलं आणि कशाखाली केलं, दोन्ही आलं.

इथवर आमच्या घरात सगळे खूश होते. खरं भांडण पुढं झालं, तेही घरातच.

आमचे अण्णा, माझे चुलतभाऊ, माझ्याहून १२ वर्षांनी मोठे. त्यांना कायद्याचा उल्लेखच नको होता. "पोरीच्या सोयरिकीला आलेला पाव्हणा आधी मोबाईलवर बघतो, गुन्हेगार शब्द दिसला की उठतो," असं त्यांचं म्हणणं. हे खोटं नाही, मी बघितलंय. पण त्यांनी केलं काय, तर ती सगळी ओळ काढून तिथं घातलं की आम्ही मूळचे राजपूत, राणा प्रतापांच्या सैन्यातले, मोगलांमुळं रानोमाळ झालो. संदर्भ दिला समाजाच्या मेळाव्याच्या स्मरणिकेचा.

ती ओळ मी उडवली. भावाची ओळ, स्वतःच्या हातानं.

दिवाळीत सगळ्यांसमोर अण्णा म्हणाले, "लोकांनी चोर म्हणलेलं चालतं तुला, भावानं राजपूत म्हणलेलं चालत नाही." त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हा जे नीट सांगता आलं नाही ते आता लिहितो. १९०१च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले, नाकांची मापं घेऊन वंश ठरवणारा माणूस. त्यानं जातींची मानाच्या क्रमानं उतरंड लावायला घेतली आणि देशभरातून जातिसभांचे अर्ज गेले की आम्हाला वरच्या पायरीवर घ्या, क्षत्रिय लिहा. अण्णा, तुमची ओळ हा तोच अर्ज आहे. उतरंड मोडा असं त्यात कुठं नाही, आम्हाला दोन पायऱ्या वर सरकवा एवढंच आहे. आणि राजपूत झालो तर जात्याला टाकी लावणारी आजी कुठं जाते? तिला त्या पानावर आणायला मी महिना घातला, तुमच्या एका वाक्यानं ती पुन्हा पुसली गेली. शिवाय 'राजपूत भामटा' ही यादीत वेगळी नोंद आहे, तो घोळ वेगळाच. उद्या पडताळणीत दक्षता पथकाच्या माणसानं मूळ विचारलं तर घरातला एक जण एक सांगणार, दुसरा दुसरं.

आता कायद्याचं. बरेच लोक सरसकट '१८७१पासून' लिहितात. १८७१चा कायदा आधी उत्तरेकडच्या प्रांतांसाठी होता. मुंबई प्रांताला तो १९११च्या सुधारणेनंतर लागला, १९२४ला पुन्हा नवा झाला. त्याच काळात सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे नोंद झालेल्या जातींना डांबून ठेवायची वसाहत, उभी राहिली. बाहेर जायला पास, ठरलेल्या वेळी हजेरी, गिरण्यांत मजुरी. आमचा आजा त्या तारेच्या आत वाढला. मुंबई प्रांतानं कायदा १९४९ला रद्द केला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. तार निघाल्यावर आजा हैदराबादच्या रस्त्यानं उमरग्याला आला, आजीच्या माहेरी. या बाजूला १९४८पर्यंत निजामाचं राज्य होतं, इथले नियम वेगळे. म्हणून मराठवाड्याचा इतिहास मुंबई प्रांताच्या पुस्तकांवरून लिहू नका, हे मी त्या चर्चा पानावर तीनदा सांगितलंय.

२०२१ला अण्णांच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि पडताळणी अडली. विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. फिरत्या माणसाकडं कुठला कागद? जमीन नाही, सातबारा नाही. चुलत्यांची शाळेची नोंद १९६४ची. अण्णा केंद्रात आले, खुर्चीवर बसले, माझ्याकडं न बघता म्हणाले, "कायतरी कर." मी सोलापूरला चार खेपा केल्या. सेटलमेंटच्या शाळेचं जुनं रजिस्टर मिळालं. त्यात आज्याचं नाव, बापाचं नाव, जात टकारी. त्या कागदावर पोराची पडताळणी झाली. जो इतिहास अण्णांना पुसायचा होता, त्याच इतिहासाच्या रजिस्टरमुळं पोरगं कॉलेजात गेलं. हे मी त्यांना तोंडावर कधी बोललो नाही, इथं बोलतो.

तुमच्या प्रश्नाकडं येतो. खोडत बसू नका, २४ तासांत तीनदापेक्षा जास्त उलटवलं की तुम्हीच दोषी ठरता. पानाचा इतिहास उघडून ओळ कधी आली ते काढा. चर्चा पानावर सही करून चार वाक्यांत लिहा, शिव्या नकोत. छापील, पान क्रमांकासह, आणि शक्यतो स्वातंत्र्यानंतरचं विद्यापीठातलं काम द्या. समाजाच्या स्मरणिका, वधू-वर सूचीतले लेख, भाटाच्या पोथ्या टिकत नाहीत. आठवडाभर वाट बघा, मगच बदल करा, तरीही अडवलं तर चावडीवर, म्हणजे ज्ञानकोशाच्या सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, मांडा.

एक मात्र करू नका. २०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हापासून माझ्याकडं ज्ञानकोशाच्या पानाची प्रिंट घेऊन येणारे वाढलेत. सगळ्या जातींचे येतात. त्या प्रिंटला पडताळणीत काही किंमत नाही. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० या तारखांच्या आधीचा कागद लागतो. प्रिंट जोडता येईल म्हणून पान बदलायला निघाला असाल तर तो वेळ शाळेच्या दप्तरात घालवा.

आणि त्या संपादकाबद्दल वर जे लिहिलं त्यात हेही धरा. सहाव्या दिवशी ओळ बदलली ती त्यांनीच. संदर्भ कसा जोडायचा ते मला शिकवलं तेही त्यांनीच, आणि पैसा कुणालाच मिळत नाही. त्यांची जात मला आजही माहीत नाही. पण तो प्रश्न त्यांनी विचारायला नको होता, हे माझं मत कायम आहे.

आजीबद्दल मी लिहिलेलं परत आलं नाही, नियमात ते बसत नाही. मग मी तिच्या टाकीचा आणि हातोडीचा फोटो काढून मुक्त परवान्याखाली चढवला. स्वतः काढलेल्या फोटोला छापील संदर्भ लागत नाही. तो त्या पानावर अजून आहे.

अण्णा, लेक यंदा बारावीला आहे. तिच्या अर्जाला पोराच्या वैधता प्रमाणपत्राची प्रत आणि सोलापूरचा तो उतारा लागेल. दोन्ही तुमच्या कपाटात आहेत. रविवारी येतो.