मधमाशी चावल्यावर गोळी घेतली, तेव्हापासून पाइपची चव का लागत नाही?

दोष बहुधा तंबाखूचा नाही, गोळीचा आहे. सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीने तोंड कोरडं पडतं, आणि तिचा परिणाम साधारण 24 तास टिकतो. लाळ कमी झाली की चव बोथट होते आणि धूर जिभेला जास्त झोंबतो. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी तर गुंगीही चांगलीच येते. पेंगत असताना हातात पेटता पाइप नकोच.

दुसरं कारण नाकाशी आहे. पाइपची निम्मी मजा वासात असते. हाताला मेंथॉल किंवा कापराचं मलम चोळलं असेल, तर तोच हात पाइप धरून नाकाजवळ येतो, मग तंबाखूचा नाजूक सुगंध कळणार कसा? त्यापेक्षा कपड्यात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं धरा, त्याला वास नसतो. (ओली तंबाखू डंखावर बांधू नका, निकोटीन त्वचेतून शरीरात जातं.)

डंख ओठावर असेल तर सूज उतरेपर्यंत पाइप बाजूला ठेवा. तोंडात किंवा घशात असेल, किंवा श्वास अडत असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठा.