रोज प्यायला कुठली कॉफी, आणि बीन्स आणायचे कुठून?

तुम्ही विचारलंय की रोजची आवडती कॉफी कुठली आणि चांगले बीन्स नेमके मिळतात कुठे. पहिल्याचं उत्तर सोपंय, सकाळी मीडियम रोस्ट, म्हणजे मध्यम भाजलेली ब्राझील, पेपर फिल्टरवर, बिनदुधाची. दुसऱ्याचं उत्तर मात्र दुकानाचं नाव सांगून भागणारं नाही, कारण दुकान कुठलंही असो, पाकीट हातात घ्यायचं, उलटं करायचं, आणि रोस्ट केल्याची तारीख दिसली तर पुढचं बोलायचं, नाही दिसली तर गुपचूप परत ठेवायचं. मी हे शिकले ते स्वतःचा गाढवपणा करून, म्हणून आधी तेच सांगते.

काही वर्षांपूर्वी मी ऑफर बघून एक किलोचं पाकीट घेतलं, भारीतलं होतं, चकचकीत, वर डोंगराचं चित्र, एक्स्पायरी दीड वर्ष पुढची, म्हटलं चला निवांत झालो. कॉफी केली तर चवीला ओला पुठ्ठा. मग मी पाणी बदललं, फिल्टर बदलला, मशीन व्हिनेगरने धुतलं, दोन दिवस त्या व्हिनेगरचाच वास येत होता ते वेगळंच, पण पाकिटावर शंका घ्यायचं काही सुचलं नाही, एवढं चांगलं दिसणारं पाकीट खोटं कसं असेल! महिनाभर तशीच पीत राहिले. मग एक मैत्रीण राहायला आली, तिने तिच्याकडची छोटी पिशवी काढली, दळली, फिल्टरमध्ये टाकून वर थोडंसं गरम पाणी ओतलं आणि ती पूड चक्क वर यायला लागली, दूध उतू जाताना येतं तशी, मध्ये फुगलेली, वर बारीक बुडबुडे फुटतायत आणि वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत. मला वाटलं काहीतरी बिघडलं. ती म्हणाली अगं ताजी कॉफी अशीच वागते, तुझी कधी फुगलीच नाही का? नव्हतीच फुगली, माझी पूड म्हणजे पाणी ओतलं की चिखल होऊन खाली बसायची.

हे होतं का तर भाजताना बीमध्ये कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बराचसा आत अडकून राहतो, मग पुढचे काही आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतो. चांगल्या पाकिटाला ते छोटं गोल छिद्र असतं ना, ते वास घेण्यासाठी नसतं (मी खूप दिवस पाकीट दाबून नाक लावायचे), तो एकेरी व्हॉल्व्ह आहे, आतला गॅस बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. गरम पाणी पडलं की उरलेला गॅस एकदम सुटतो आणि पूड फुगते. म्हणजे फुगणं हीच घरच्या घरी ताजेपणाची टेस्ट. फक्त अगदी काल भाजलेली पण नको, तेव्हा गॅस इतका असतो की पाणी नीट मुरतच नाही, मी साधारण आठवडाभर थांबते आणि मग महिना-सव्वा महिन्यात संपवते. दळलेली पूड मात्र फार लवकर उतरते, काही दिवसांतच फरक कळतो, त्यामुळे एकच गोष्ट विकत घेणार असाल तर मशीन नको, ग्राइंडर घ्या. तोही बर वाला, दोन दातेरी चकत्यांमध्ये दळणारा. पात्याचा ग्राइंडर म्हणजे निम्मं पीठ आणि निम्मे खडे, पीठ कडू उतरतं आणि खडे आंबट, दोन्ही एकाच कपात.

आता कुठून आणायचे. सगळ्यात चांगला पत्ता म्हणजे जो स्वतः भाजतो तो. जवळपास एखादा कॅफे स्वतः रोस्ट करत असेल तर तिथे जाऊन सरळ विचारा की या आठवड्यात काय भाजलंय. चांगला रोस्टर, म्हणजे भाजणारा, ओळखायची माझी पद्धत अशी की तो तुम्हाला उलटा प्रश्न विचारतो, घरी कशात करता, दूध घालता का, काळी पिता का. जो काहीच न विचारता "हे आमचं बेस्ट सेलर" म्हणून पाकीट पुढे सरकवतो त्याच्याकडून मी घेत नाही, होऊ शकतं मी अन्याय करत असेन. जवळ कोणी नसेल तर ऑनलाइन, पण रोस्टरच्या स्वतःच्या साइटवरून. बरेचजण आठवड्याचे ठरावीक दिवस भाजतात आणि भाजलं की लगेच पाठवतात. मोठ्या मार्केटप्लेसवर तेच पाकीट कुठल्या गोडाऊनमध्ये किती महिने पडलंय हे तुम्हाला कळणार नाही. सुपरमार्केटमधून घ्यावंच लागलं तर शेल्फवर मागे हात घालून तारखा बघा, आणि काचेच्या मोठ्या बरण्यांत उजेडात मांडून ठेवलेले सुटे बीन्स कितीही सुंदर दिसले तरी नको, उजेड आणि हवा हे दोघं कॉफीचे मोठे वैरी.

आणि किती घ्यायचे याचा हिशोब करा. मी एका कपाला १५ ग्रॅम घेते, २५० मिली पाण्याला. म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटात १६ कप. रोज दोन प्यायलात तर आठ दिवस. एवढंच घ्यायचं, संपलं की परत, किलोच्या मोहात पडायचं नाही. जास्तीचे आलेच तर आठ-आठ दिवसांच्या पुड्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये चालतात, पण एकदा बाहेर काढलेली परत आत नाही, बाष्प धरतं. फ्रीजच्या खालच्या भागात तर अजिबात नको, तिथले सगळे वास कॉफी ओढून घेते.

पाकिटावर काय वाचायचं? अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. "१०० टक्के अरेबिका" याला भुलू नका, वाईट अरेबिकाही ढिगाने असते. रोबस्टाला उगाच नावं ठेवतात, तिच्यात कॅफीन साधारण दुप्पट असतं, कडवट असते, पण दुधात अरेबिका जिथे हरवून जाते तिथे रोबस्टा टिकते, त्यामुळे दुधाची पिणाऱ्यांनी थोडी रोबस्टा असलेला ब्लेंड, म्हणजे मिश्रण, बिनधास्त घ्यावा. घटकांत चिकोरी आहे का तेवढं बघा, ते एका झाडाचं भाजलेलं मूळ, कॉफी नाही आणि त्यात कॅफीनही नाही, आवडत असेल तर प्या पण कॉफीच्या भावात किती टक्के मूळ घेतोय ते माहीत असावं. स्पेशालिटी म्हणजे काय तर चव घेणारे १०० पैकी गुण देतात, ८० किंवा वर मिळाले की स्पेशालिटी, इतकंच. आणि पाकिटावर ब्लूबेरी, जास्मिन वगैरे लिहिलेलं असतं ते आत घातलेलं नसतं, तशी आठवण येते असा अर्थ. मी आधी हसायचे, मग एकदा नॅचरल प्रोसेसची इथिओपियन प्यायले, म्हणजे फळ न काढता बीसकट वाळवलेली, आणि हसणं बंद झालं, खरंच बेरीचा वास होता.

मग तीच रोज का नाही पीत? कारण सकाळी सहाला मला कपाने सरप्राइज दिलेलं चालत नाही. केनियाची वॉश्ड कॉफी, म्हणजे फळाचा गर धुऊन काढून मग वाळवलेली, अप्रतिम असते, लिंबूवर्गी, धारदार, पण ती रविवारी, नीट झोप झालेली असताना. रिकाम्या पोटी ती धार अंगावर येते. ब्राझीलचं तसं नाही, आंबटपणा कमी, शेंगदाणे भाजल्यासारखी, चॉकलेटकडे झुकणारी चव, आणि मुख्य म्हणजे चुका पोटात घालते, पाणी जास्त गरम झालं, दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी पिण्यालायक राहते. रोजच्या कॉफीत मला हाच गुण हवा. ब्राझील मिळाली नाही तर कोलंबिया घेते, तीही गरीब स्वभावाची. सुमात्राची मातकट, जड असते, पावसात बरी वाटते. मॉन्सून्ड मलबार मी दोनदा आणली, त्यात बीन्स पावसाळी समुद्रवाऱ्यात ठेवतात, ते फुगून फिकट होतात आणि आंबटपणा जवळजवळ जातोच, लोक तिच्यावर जीव टाकतात पण मला ओल्या लाकडाचा वास येतो, नाही जमलं. एकदम काळे, तेलाने चमकणारे बीन्स असतील तर ते खूप भाजलेत, मग ते कुठल्या देशाचे याने फार फरक पडत नाही, सगळ्यांची चव भाजल्याचीच, शिवाय ते तेल ग्राइंडरमध्ये चिकटतं आणि घासत बसावं लागतं.

करायची पद्धत थोडक्यात. आधी ३० मिली पाणी ओतून अर्धा मिनिट फुगू द्यायचं, मग उरलेलं हळूहळू. पाणी उकळलं की अर्धा-एक मिनिट थांबते, ९० ते ९६ डिग्रीच्या मध्ये कुठेतरी बसतं. आंबट लागली तर दळण बारीक करा, कडू लागली तर जाड, पण एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर माझ्यासारखं व्हिनेगर होईल. आधी मी फ्रेंच प्रेसवाली होते, त्यात पूड पाण्यात भिजवून जाळीने खाली दाबतात, कागद नसतो, मग कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला आणि वाचताना कळलं की न गाळलेल्या कॉफीतलं कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य ते वाढवतं आणि कागदात बरंचसं अडकतं, तेव्हापासून कागद. हा कागदाचा फिल्टर मेलिटा बेंट्झ नावाच्या जर्मन बाईने आणला, मुलाच्या वहीतला टीपकागद घेऊन प्रयोग केला आणि १९०८ मध्ये पेटंट काढलं, सकाळी अर्धवट झोपेत फिल्टर दुमडताना मला ती बाई हमखास आठवते.

आत्ता माझ्या डब्यात ब्राझीलच आहे, भाजून १९ दिवस झालेत, अजून छान फुगतेय. उद्याचे दोन कप निघतील, म्हणून आज दुपारी ऑर्डर टाकायचीय, परवा भाजायचा दिवस आहे त्यांचा.